नकाशावरचं सव्वा किलोमीटर

माझ्या कोथरूडच्या घरापासून भोर दीड तासावर आहे. तिथे पोहोचायला मला सतरा वर्षं लागली.

पुणेकर भोर आणि वेल्हे तालुक्यांकडे बहुधा लांबूनच बघतो. सातारा-कोल्हापूरला जाताना गाडीच्या काचेतून उजवीकडे डोंगरांच्या निळ्या रांगा दिसतात, कुणीतरी "तो राजगड का?" असं विचारतं, आणि उत्तर येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. मीही तसाच बघत आलो. फरक इतकाच की आत न शिरता मी त्या डोंगरांतल्या काही वाड्यांचे निर्णय घेतले होते, आणि त्या निर्णयांवर माझं सगळं करिअर उभं राहिलं. गेल्या डिसेंबरात तीन दिवस त्या भागात जाऊन आलो. पायाचे फोड आता बरे झाले आहेत, म्हणून लिहायला बसलो.

शुक्रवार : कामथडी, मग भोर

भोरच्या एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता 'आयटी कन्सल्टिंगमधलं करिअर कसं घडवावं'. या विषयावर मी झोपेतही बोलू शकतो. माझी स्वतःची अकरा माणसांची कंपनी आहे, चोवीस वर्षांचा अनुभव आहे, आणि ऐकणाऱ्यांना जागं ठेवण्याची थोडीफार हातोटी आहे.

सकाळी कामथडीला चहासाठी थांबलो. शेतांवर धुकं होतं आणि टपरीवरच्या कढईत वडे फुगत होते. टपरी चालवणाऱ्या बाईंनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून विचारलं, "कुठं निघाला?"

"भोरला. कॉलेजात भाषण आहे."

"काय करता तुमी?"

"सल्लागार आहे. कंपन्यांना, संस्थांना काम कसं करायचं ते सांगतो."

"आन् काम कोन करतं?"

"तेच करतात."

"मंग बरं हाय की," त्या म्हणाल्या आणि न मागता आणखी एक वडा ताटलीत टाकला. "खावा. बोलून बोलून भूक लागत आसंल."

माझ्या व्यवसायाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या परिषदेत ऐकलेली नाही.

तिथून सरळ गेलं तर किकवी आणि पुढे भोंगवली. भोंगवली माझं आजोळ. मे महिन्याच्या सुट्टीत मामा आम्हाला भाटघरच्या धरणावर न्यायचा. ते पाणी डोंगरांच्या फटीफटींत कसं शिरलंय, ते मी आठव्या-नवव्या वर्षी भिंतीवर उभं राहून पाहिलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचताना 'शहरी माणूस, त्याला काय कळणार' असं म्हणून तुम्ही मला सोडून द्याल. मला कळायला हवं होतं.

कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. पहिली चार वर्षं प्रोग्रॅम लिहिले. मग लक्षात आलं की काय लिहायचं हे ठरवणाऱ्या माणसाला ग्राहकाचा धंदा समजून घ्यावा लागतो, आणि ते काम मला जास्त आवडतं. म्हणून तिकडे वळलो. ऐकायला शिका, असं मी मुलांना सांगितलं. ग्राहक मागतो ते आणि त्याला लागतं ते, यांत अंतर असतं. ते ओळखता आलं की भाकरीची काळजी नाही. हे सगळं मी मनापासून बोलतो आणि ते खरंही आहे.

मग माझी आवडती स्लाइड आली.

सतरा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या सल्लागार कंपनीत होतो. या भागात दूध गोळा करणाऱ्या एका संघाने आम्हाला काम दिलं होतं : संकलन केंद्रं फार झाली आहेत, टँकर फिरून फिरून दमतात, कुठली केंद्रं एकमेकांत मिसळता येतील ते सांगा. मी प्रत्येक केंद्राचे अक्षांश-रेखांश मिळवले, संगणकावर ठिपके मांडले आणि जी दोन केंद्रं दोन किलोमीटरच्या आत होती त्यांचं एक केलं. स्लाइडवर डावीकडे ठिपक्यांची गर्दी आणि उजवीकडे मोजके, सुटसुटीत ठिपके दिसायचे. संघाच्या संचालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच वर्षी मला बढती मिळाली, पुढच्या वर्षी परदेशातलं काम. नवा ग्राहक मिळवायला गेलो की ही स्लाइड मी आजही दाखवतो. दाखवत होतो.

"काही शंका?" मी विचारलं.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. तिनं आधी नाव सांगितलं, अश्विनी. "सर, तो डावीकडचा वरचा ठिपका आमची वाडी आहे. कोंडटेक. आणि उजवीकडच्या चित्रात ती खालच्या गावात मिसळलीय."

"बरोबर," मी खूष होऊन म्हणालो. "दोन्हींतलं अंतर सव्वा किलोमीटर होतं."

"व्हय सर. पण मधी पाणी आहे."

सभागृह हसलं. तीही ओशाळून हसली. "धरणाचं. होडी पण नाही. रस्त्यानं एकोणीस किलोमीटर पडतं."

मीही हसलो. माइकसमोर माणूस काय वाटेल ते करू शकतो. "हेच बघा," मी म्हणालो, "जागेवर जाऊन बघणं किती महत्त्वाचं!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी मला शाल घातली, नारळ दिला. ती शाल अंगावर घेऊन मी फोटोला उभा राहिलो.

इथे मी तुम्हाला सांगू शकलो असतो की ही गोष्ट मला त्या क्षणी प्रथम कळली. तसं नाही. सतरा वर्षांपूर्वी, अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी, संघाचे एक पर्यवेक्षक, गुजरभाऊ, यांचा मला फोन आला होता. वेल्ह्याचा माणूस. म्हणाले, "साहेब, कोंडटेकाचं जरा बघा. मधी पाणी आहे." मी म्हणालो, "अपवाद नंतर बघू, भाऊ." एक ठिपका हलला असता तर सगळे आकडे पुन्हा मांडावे लागले असते, आणि सादरीकरण सकाळी दहाला होतं. ते 'नंतर' कधीच आलं नाही. अश्विनीनं नेमके तेच शब्द उच्चारले, तेव्हा मला फोनमधली ती खरखरही आठवली.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं. "वाडीत यायचं झालं तर?"

"या की सर! वडलांना सांगते, खालच्या गावात घ्यायला येतील." मग जरा थांबून म्हणाली, "कशाला येताय?"

"चूक माझी होती, ते सांगायला."

तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. "या सर," ती हळू म्हणाली. "नक्की या."

शनिवार : पाण्याच्या कडेने

खालच्या गावात गाडी लावली आणि फोनवर नकाशा उघडला. नकाशाने कोंडटेक सव्वा किलोमीटर दाखवलं. मान वर केली तर खरंच समोर दिसत होतं : पाण्यापलीकडे उतारावर वीस-पंचवीस घरं, गवताच्या गंजी आणि काळे ठिपके. ते ठिपके हलत होते, म्हणजे म्हशी. पलीकडे कुणीतरी कुत्र्याला हाक मारली तीही ऐकू आली. मध्ये पाणी मात्र असं पसरलं होतं, जणू त्याला कुठे जायचंच नाही.

अश्विनीचे वडील, बापू, मोटरसायकल घेऊन आले होते. पन्नाशीचा उंच गडी, डोक्याला मफलर. "बसा सायेब."

"मी चालत येतो," मी म्हणालो.

"चालत? गाडी हाय की!"

"हे अंतर मला पायानं बघायचंय."

बापूंनी माझ्या बुटांकडे पाहिलं. "नवस हाय का काय?"

"तसंच समजा."

"मंग म्होरं जाऊन थांबतो. पुन्यात जिमला पैसं भरून चालत्यात म्हनं, हितं फुकट हाय," असं म्हणून त्यांनी किक मारली.

आणि ते खरोखर प्रत्येक वळणावर थांबले. मी धापा टाकत पोहोचलो की दगडावर बसलेले बापू म्हणायचे, "आला का? म्या म्हनलं परत गेला." मग मोटरसायकल पुढच्या वळणाला. आमचा प्रवास असा टप्प्याटप्प्याने चालला.

रस्ता पाण्याला चिकटून जातो. पाण्याचं एकेक बोट डोंगरात आत शिरलेलं आहे. त्या बोटाच्या टोकापर्यंत आत जायचं, ओढा ओलांडायचा आणि पुन्हा बाहेर यायचं. अर्धा तास चालून मी मागे पाहिलं की सुरुवातीचं गाव होतं तिथंच, फक्त थोडं तिरकं झालेलं. काढलेल्या भाताच्या खाचरांतून पिवळे बुडखे उभे होते. कुठे नाचणीची कणसं अंगणात वाळत होती. सातव्या-आठव्या किलोमीटरला टाच सोलली. एका घरासमोर टेकलो तर आतून आधी तांब्या आला, मग माणूस. आमच्या सोसायटीत दारावरच्या भोकातून आधी डोळा येतो, मग "कोण पाहिजे?" इथे मी कोण, हे मी पाणी पिऊन तोंड पुसल्यावर विचारलं गेलं. आजींनी टाचेला लावायला हळद आणि खोबरेल दिलं. "पायताण बदला, बाबा," त्या म्हणाल्या, "ही हापिसात बसायची हायती."

चालताना एक हिशेब डोक्यातून जाईना. म्हशीचं सकाळचं दूध घेऊन माणूस पहाटे निघाला असता, तरी एवढं अंतर तोडून पोहोचेपर्यंत टँकर निघून गेलेला असता. असला तरी दूध नासलं असतं.

दुपारी एका वळणावर बापूंनी भाकरीचं फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, वालाची कोरडी उसळ, लसणाचा ठेचा. खाता खाता मी विचारलं, "केंद्र बंद झाल्यावर काय केलंत?"

"दोन वर्सं खवा आटवला. लाकडं तोडून तोडून बाया मेटाकुटीला आल्या. मंग खासगी जीप याया लागली. आता बरं हाय. दूध म्याच मोजून घालतो जीपला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पर बंद पडलं ते आमच्याच मान्सामुळं. दुसऱ्याला काय बोलायचं."

"म्हणजे?"

"धोंडिबातात्या. तवा केंद्रावर दूध मोजायला त्योच व्हता. पानी घालायचा दुधात."

मी विचारलं, "कुणी पाहिलं?"

"बघायला कशाला पायजे? संघाचा कागद आला, 'केंद्र बंद'. कारन काय न्हाई लिवलेलं. कारन न्हाई म्हंजी समजून घ्यायचं. शेजारच्या खोऱ्यात दुधात पानी सापडलं तवा बी आसंच झालतं. आमी त्याला इचारलं. न्हाई म्हनला. बेलभंडारा उचलतो म्हनला. माझ्या बापानं उचलू दिला न्हाई. खोटी शपत घिऊन देव वाडीवर कोपला मंजी? तवापासून त्यो देवळात मागं उभा ऱ्हातो. तळीला हात लावू देत न्हाई कुनी."

या भागातल्या धनगर वाड्यांत खंडोबाला तळी भरतात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवून पाच जणांनी हात लावून देवाचा जयजयकार करत ते तीनदा उचलायचं. हात लावायचा मान वाडीतल्या चांगल्या माणसांचा. आणि हातात बेलाचं पान व भंडारा घेऊन बोललेलं खोटं निघालं तर देव बघून घेतो.

कारण लिहिलं नव्हतं. का नव्हतं, ते मला ठाऊक होतं. माझ्या मूळ तक्त्यात 'बंद करण्याचं कारण' असा रकाना होता. पण तो ठेवला की तक्ता दोन पानांवर जात होता. एका पानावर बसवण्यासाठी मीच तो काढून टाकला. संघाने त्या तक्त्यावरून जशीच्या तशी पत्रं काढली.

हे त्या दगडावर बसून बापूंना सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायलो. "चला," म्हणालो. बापूंनी किक मारली.

ऊन उतरता उतरता वाडीत शिरलो. अश्विनी आधीच एसटीने आणि पुढे जीपने आली होती. माझं लंगडणं पाहून तिनं बापाकडे रागानं बघितलं. बापू म्हणाले, "माझ्याकडं काय बघती? त्येंचा नवस हाय."

शेवटच्या घरापुढे एक म्हातारा दावणीला म्हशी बांधत होता. बारीक अंगाचा, पांढरा पटका, हात लांब. मला बघून म्हणाला, "पावनं, दही खाता का? घट हाय, आजचंच." त्याने दिलेलं दही इतकं घट्ट होतं की वाटी उपडी केली तरी पडलं नसतं. मी खात असताना तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

"कसं झालंय?"

"फार छान."

"पानी न्हाई त्यात," तो म्हणाला, आणि हसला. सतरा वर्षांत हा विनोद त्याने स्वतःवर किती वेळा केला असेल कोण जाणे. अश्विनीनं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं हे धोंडिबातात्या. मी वाटी चाटून पुसून परत दिली. लाज वाटते हे लिहिताना, पण दही खाल्लं आणि गप्प बसलो.

रविवार : कोंडटेक

सकाळी पाण्यावरून धूर निघावा तसं धुकं निघत होतं. खंडोबाचं देऊळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी दगडाची भिंत आणि आत भंडाऱ्याने माखलेले टाक. रविवार असल्यामुळे दूध घालून झाल्यावर सगळी वाडी तिथे जमते. तात्या मागे, खांबाला टेकून उभे होते. त्या खांबाचा तेवढाच भाग गुळगुळीत झाला होता.

मी बापूंना म्हणालो, "तळीच्या आधी मला दोन शब्द बोलायचेत."

"भाषन?"

"नाही."

मोठमोठ्या कंपन्यांच्या संचालकांसमोर मी कधी अडखळलो नाही. तिथे पंचवीस-तीस माणसांसमोर अडखळलो. चोवीस वर्षं ज्या शब्दांवर जगलो, त्यातला एकही कामाचा नव्हता. शेवटी साधंच बोललो. सतरा वर्षांपूर्वी केंद्र बंद करायचं मी ठरवलं. मी इथे आलो नव्हतो. नकाशावर मला वाडी आणि गाव जवळ दिसलं, मधलं पाणी मी धरलं नाही. मला एका माणसानं सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही. कारणाचा रकाना मी काढला. दुधात पाणी होतं असं संघ कधी म्हणाला नाही, मीही म्हणालो नाही, कुणीच म्हणालं नाही. दूध चांगलं होतं.

एक म्हातारी पुटपुटली, "आगं आई."

बापूंचा चेहरा लाल झाला होता. "सायेब, तुमी तात्याच्या घरचं दही खाल्लं काल."

"खाल्लं."

"आन् आज त्याची बाजू घेताय."

"बाबा!" अश्विनी ओरडली.

"तू गप. मान्सं कशालाबी बोलत्यात." बापू पुढे झाले, ताम्हणातलं बेलाचं पान उचललं, त्यावर चिमूटभर भंडारा ठेवला आणि माझ्यासमोर हात धरला. "उचला."

मी देवधर्म फारसा करत नाही. आमच्या व्यवसायात शपथेला 'डिस्क्लेमर' म्हणतात. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो, आणि त्याचा अर्थ होतो, काही चुकलं तर आम्ही जबाबदार नाही. मी ते पान हातात घेतलं. तळहातावर त्याचं काहीच वजन नव्हतं. "मी बोललो ते खरं आहे," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तात्यांची नाही."

बापू माझ्या हाताकडे बघत राहिले. मग मागे वळून, मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तात्या. या. हात लावा."

तात्या हलले नाहीत.

"या की."

"तुजी काकी आसायला पायजे व्हती," तात्या म्हणाले. "पानवठ्यावर एकटी जायची. बाया गेल्यावर. बारा वर्सं झाली तिला जाऊन." हे ते कुणाला सुनावत नव्हते, नुसतं सांगत होते. मग म्हणाले, "थांबा. म्हशीचं हात हायती. धुऊन येतो."

ते देवळाबाहेर गेले. चार जण ताम्हणाला हात लावून उकिडवे बसले होते, बापू त्यांतलेच एक. बाहेर पाण्याचा आवाज येत राहिला. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी हाक मारली नाही. कुणी ताम्हणावरचा हात काढला नाही. एका पोक्त गड्याचे गुडघे कुरकुरले तरी तो उठला नाही. अश्विनी पदरासारखी ओढणी तोंडावर धरून उभी होती.

तात्या आले तेव्हा पटका पुन्हा नीट बांधलेला होता, डोळे लाल होते आणि हात कोपरापर्यंत ओले होते. ते पाचव्या जागी बसले.

"येळकोट येळकोट," बापू ओरडले, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. बाकीच्यांनी जयजयकार पुरा केला. ताम्हण तीनदा वर गेलं. भंडारा उधळला तो माझ्या इस्त्रीच्या शर्टावरही पडला. तो डाग आजही आहे.

निघताना तात्या वाडीच्या शेवटापर्यंत आले. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. "बंद झालं तवा कागद आला व्हता," ते म्हणाले. "आता बी कागद पायजे. तोंडाचं काय, तुमी गेला की लोक इसरत्यात. कागदावर कारन लिवा. देवळात लावतो."

"लिहितो. आणि केंद्राचं काही करता आलं तर..."

"केंद्राचं न्हवं," तात्या म्हणाले. "जीप येती. तुमी आता सुधरायला जाऊ नका."

बापूंनी मला मोटरसायकलवरून खालच्या गावात सोडलं. मी गाडीचं दार उघडलं तेव्हा म्हणाले, "पोरगी इचारती, तुमचं शिक्षन घिऊ का म्हनून. सल्लागार व्हायचं म्हनती."

"तुमचं काय मत?"

"म्या काय सांगनार? पर हितनं गेलेलं मानूस आसलं तर पानी तरी इसरनार न्हाई."

परत : वेल्हे

नसरापूरला पोहोचल्यावर पुण्याकडे वळायचं सोडून गाडी वेल्ह्याकडे घेतली. तालुक्याचं नाव कागदोपत्री आता राजगड झालंय, पण रस्ता विचारला तर लोक वेल्हंच म्हणतात. समोर तोरणा उन्हात तापत होता. गुजरभाऊंचं घर शोधायला वेळ लागला नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, अंगणात बसून कोयता घासत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"कोंडटेक," ते म्हणाले. माझं नाव ऐकून त्यांना पहिला तोच शब्द आठवला.

मी सगळं सांगितलं. चहा आला, गार झाला. मग मी लॅपटॉप उघडून ती स्लाइड दाखवली. भाऊंनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून पाणी कुठे कुठे आहे ते दाखवायला सुरुवात केली. मी मागोमाग निळा रंग भरत गेलो. "हितं आत जातं. अजून. अजून आत. हां." सुटसुटीत ठिपक्यांचं माझं चित्र तासाभरात पार विस्कटलं. खरं सांगायचं तर इतकं नीट काम त्या प्रकल्पावर मी पहिल्यांदाच करत होतो. हा व्यवसाय मला आवडतो. अजूनही कुणी मुलगा-मुलगी विचारायला आली तर मी म्हणेन, या, चांगलं काम आहे. पण आता ही स्लाइड दाखवून म्हणेन.

शेवटी तक्त्यात तो रकाना परत घातला. तक्ता पुन्हा दोन पानांवर गेला. कोंडटेकच्या ओळीत लिहिलं : 'बंद करण्याचं कारण — सल्लागाराने जागेवर न जाता नकाशावरून अंतर मोजलं. दुधात कोणताही दोष नव्हता. धोंडिबातात्यांच्या मोजमापात कोणताही दोष नव्हता.' भाऊंना सोबत घेऊन वेल्ह्याच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन प्रती काढल्या, एक वाडीला, एक मला. दुकानदाराच्या काउंटरवरच खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

गुजरभाऊंनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. मग म्हणाले, "पेन द्या."

"कशाला, भाऊ? चूक माझी आहे."

"तुम्हाला एक फोन केला मी," ते म्हणाले. "दुसरा नाही केला. वाडीत जाऊन बी सांगता आलं असतं, नाही गेलो." आणि माझ्या सहीखाली त्यांनी आपली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर लागेल अशी. "उद्या मीच घेऊन जातो. लावताना बघतो."

"रस्ता लांबचा आहे भाऊ."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मधी पाणी आहे."